एकशे बारा पानांचा प्रस्ताव

१

कपाट कुलूपबंद होतं, किल्ली जागेवर होती आणि फाइल नव्हती.

जावकबाईंनी कपाट बंद केलं आणि पुन्हा उघडून पाहिलं. ऑफिसच्या कपाटाला एक दुसरी संधी द्यावी लागते, हा त्यांचा एकतीस वर्षांचा अनुभव होता. दुसऱ्यांदाही खालच्या कप्प्यात वाळलेले शाईचे पॅड आणि एक तुटका पंच एवढंच निघालं.

त्यांचं पद आवक-जावक लिपिक. पण खातं कचऱ्याचं. तिथे आवक इतकी की तिचं नाव काढणंसुद्धा लोकांच्या जिवावर यायचं, म्हणून सगळे नुसतं जावकबाई म्हणत.

हरवलेली फाइल म्हणजे महापालिकेच्या सुक्या कचऱ्याच्या केंद्रासाठी अनुदान मागणारा प्रस्ताव. हा तिसरा. पहिला एक दिवस उशिरा पोहोचला. दुसरा वेळेत पोहोचला आणि परत आला, कारण कागद वाचवायचा म्हणून तो पाठपोट छापला होता आणि निधी मंडळाचा नियम होता, ‘छपाई कागदाच्या एकाच बाजूस’. कागद वाचवणाऱ्यांना कागद वाचवल्याबद्दल पैसे नाकारले गेले. यंदा शहाणपण आलं होतं. एकशे बारा पानं, एका बाजूला छापलेली, दुसरी बाजू पांढरीफटक. शेवटच्या पानावर नऊ खात्यांच्या नऊ प्रमुखांच्या सह्या. त्या गोळा करायला तीन महिने लागले होते आणि मध्ये एक प्रमुख निवृत्त झाल्यामुळे एक सही दोनदा गोळा करावी लागली होती.

आज शेवटचा दिवस. निधी मंडळाची खिडकी पाचला बंद होणार, तीही दोन तासांच्या रस्त्यावरच्या दुसऱ्या शहरात.

साहेबांनी बाईंना उभंच ठेवलं. तीन वर्षं ते याच खुर्चीत, याच प्रस्तावापायी त्यांची बदली अडकलेली. त्यांचे डोळे रात्रभर न झोपल्यासारखे लाल होते.

“प्रत नाही का दुसरी?”

“सल्लागारांच्या लॅपटॉपमध्ये आहे, साहेब. पण सह्या...”

“सह्यांना तीन महिने लागतात,” साहेब म्हणाले. “मला माहीत आहे. त्यातला दीड महिना मीच लावला.” त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. साडेदहा. “बाई, कपाट तुमच्या ताब्यात, किल्ली तुमच्या ताब्यात. तीनला गाडी निघेल. फाइल नसेल तर चारला तुमचा निलंबनाचा आदेश निघेल. त्याची नोंद तुम्हीच कराल, नेहमीसारखी.”

बाई बाहेर आल्या. नोकरी जाणार हे एक. दुसरं त्याहून वाईट होतं. केंद्राचं, म्हणजे सगळे ज्याला ‘शेड’ म्हणत त्याचं, अर्धं छप्पर खाली आलं होतं, माल वाहणारा पट्टा तुटला होता, गठ्ठे दाबायचं मशीन एकोणीस दिवस बंद होतं. प्रस्ताव स्वीकारल्याची पोच आली तर ठीक, नाहीतर महिनाअखेरीला शेडला टाळं, असा ठराव झालेला होता. शेडमध्ये एकेचाळीस बाया कचरा निवडायच्या. त्यांच्यावर देखरेख करणारी मुकादम होती ती बाईंची थोरली नणंद.

आठ वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर घरात दोघीच उरल्या होत्या, वहिनी आणि वन्सं. दोन पगार, एक छप्पर. आज तीननंतर त्यातलं नेमकं काय उरेल, याचा हिशेब बाईंनी केला नाही. तो फार सोपा होता.

२

आवक-जावकवाल्या माणसाला एक गोष्ट येते. कोण कधी आलं आणि कोण कधी गेलं, ते सांगता येतं. बाई टेबलाशी बसल्या आणि कालचा शेवटचा तास डोळ्यांसमोर आणला.

दोन दिवस त्या पानांवर आकडे घालत होत्या. निळी शाई, उजवा कोपरा, हाताने. काल पाचनंतर एकशे बारा हा आकडा घातला. वन्सं शेडवरून नेहमीसारख्या साडेपाचला आल्या होत्या, दोघी रोज बरोबरच घरी जात. बाकावर बसून त्यांनी परवा आणि काल पानं ओळीने लावून दिली होती. मग फाइल प्लॅस्टिकच्या जाड कव्हरात गेली, वर स्टीलचा चाप, त्यावर लाल नाडी. कपाट बंद. किल्ली टाचण्यांच्या डबीत. ही जागा अत्यंत गुप्त होती आणि सगळ्यांना माहीत होती.

पावणेसहाला बाई डबा धुवायला नळावर गेल्या. रोज जातात. दहा मिनिटं.

त्या दहा मिनिटांत मजल्यावर कोण होतं? कचरा वाहणारा ठेकेदार, साहेबांना भेटायला आलेला. प्रस्ताव लिहिणारा सल्लागार. शिपाई, ज्याला सगळे मामा म्हणत. आणि बाकावर वन्सं. वन्संना बाईंनी यादीत धरलंच नाही. ज्यांच्या पोटासाठी फाइल जायची, त्या फाइल कशाला नेतील? उलट काल त्या इतक्या मायेने वागल्या, की बाईंना घरी पोहोचेपर्यंत नवल वाटत होतं. “दे गं तो डबा इकडे, पिशवी मी घेते. तुझा खांदा दुखतोय ना?” आठ वर्षांत पहिल्यांदा पिशवी वन्संच्या खांद्यावर गेली होती.

“मामा,” बाईंनी हाक मारली, “काल मी डबा धुवायला गेले तेव्हा आत कोण होतं?”

“मी नव्हतो.”

“कोण होतं विचारलं.”

“ते मी कसं सांगू? मी नव्हतो ना.” मामा स्टुलावर सरसावून बसले. “पुढच्या जिन्यात होतो. नुसतं ऐकलं.”

“काय ऐकलंत?”

“कपाट कुरकुरलं. वाटलं, तुम्हीच आहात. मग मागच्या दारच्या कचरापेट्यांची झाकणं वाजली. टण, टण, टण.”

“तीनदा?”

“तीनदा. मला आश्चर्य वाटलं. आपल्याकडे झाकण उघडून कोण टाकतं हो?”

बाई उठल्याच होत्या, पण खिडकीतून त्यांना ठेकेदाराची गाडी आवारात शिरताना दिसली. शहरातल्या कचऱ्याला डेपोवर नेणारा माणूस. फेरीमागे पैसे. शेड नीट चालली तर फेऱ्या कमी होणार हे लहान पोरालाही कळेल. पेट्या कुठे पळून जात नाहीत, माणूस जातो. बाई तरातरा जिना उतरल्या.

३

ठेकेदार दार उघडं टाकून गाडीतच बसला होता आणि रुमालाने मान पुसत होता.

“फाइल? मी?” तो इतक्या मोकळेपणाने हसला की बाईंचा धीर खचला. “अहो बाई, तुमचा प्रस्ताव दोनदा नापास झाला. मी बोट तरी लावलं होतं का? ज्या कामात तुमचं खातं एवढं तरबेज आहे, त्यात मी कशाला मध्ये पडू?”

“काल पावणेसहाला कुठे होतात?”

“साहेबांसमोर. साडेपाच ते सहा. माझी बिलं अडलीयत, साहेबांना विचारा. मी रडत होतो आणि ते माझ्यापेक्षा जास्त रडत होते.” तो पुढे वाकला. “आणि खरं सांगू? तुमचा प्रस्ताव पास झाला तर मला आनंदच आहे. ते यंत्र आलं की चार दिवसांत बंद पडणार. आणि तोवर हाताने निवडणारं कुणी शिल्लक राहणार नाही. मग सगळा माल कुठे? माझ्याच ट्रकात.”

“कसलं यंत्र? पट्टा म्हणताय का?”

ठेकेदाराने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. “बाई, पानांवर आकडे तुम्हीच घातलेत ना?”

 आकडे त्यांनी घातले होते, एक ते एकशे बारा, एकही न चुकता. पान मात्र एकही वाचलं नव्हतं. आवक-जावकमध्ये वाचत नाहीत. कागद कुठून आला आणि कुठे गेला एवढंच बघायचं असतं. वाचत बसलं तर काम कधी करायचं?

सल्लागार बैठकीच्या खोलीत सापडला. एरवी त्याच्या शर्टाला सुरकुती नसायची. आज टाय सुटलेला, समोर चार रिकामे चहाचे कप. त्याची फी प्रस्ताव दाखल झाल्यावरच मिळणार होती.

“मी का नेईन? माझं मूल आहे ते!” तो जवळजवळ ओरडला. “असा प्रस्ताव या शहराने कधी पाहिला नाही. हस्तस्पर्शविरहित वर्गीकरण! शंभरात वीस गुण नुसते त्या शब्दाला आहेत.”

“म्हणजे काय ते?”

“कचऱ्याला माणसाचा हात लागतच नाही.”

“मग हात कुठे जातात?”

सल्लागाराने कपात पाहिलं. तो रिकामाच होता. “तो... मनुष्यबळाचा भाग आहे. तोही मांडलाय. सगळ्या खात्यांनी सही केलीय त्यावर.”

“काल पावणेसहाला?”

“याच खोलीत, व्हिडिओ कॉलवर. बायकोशी. फीचं सांगत होतो.” तो थांबला. “ती अजून बोलत नाहीये माझ्याशी.”

सव्वाबारा झाले होते. दोन संशयित संपले होते. हातात होतं काय, तर झाकणांचे तीन आवाज.

४

मागच्या दारी चार पेट्या ओळीने उभ्या होत्या. कागद, प्लॅस्टिक, धातू, कापड. दोन वर्षांपूर्वी उद्घाटनाला फीत कापून बसवलेल्या, चार रंगांच्या. कचरा खात्याने स्वतःपासून सुरुवात करायची असं ठरलं होतं. सुरुवात त्याच दिवशी संपली. तेव्हापासून सगळं ऑफिस दाराच्या सगळ्यात जवळच्या पेटीच्या झाकणावर कचरा ठेवून जायचं, आणि संध्याकाळी मामा तो एका पोत्यात भरायचे.

बाईंनी धातूच्या पेटीचं झाकण उचललं. तळाला एक स्टीलचा चाप.

प्लॅस्टिकच्या पेटीत एक जाड कव्हर. त्यावरची कागदी चिठ्ठी नखाने खरवडून काढलेली, कारण चिठ्ठी कागद असते आणि कव्हर प्लॅस्टिक.

कापडाच्या पेटीत लाल नाडी. गुंडाळी करून, मधोमध गाठ मारून ठेवलेली.

कागदाची पेटी रिकामी.

“अरे वा,” मागून मामा म्हणाले. “दोन वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी बरोबर पेटीत टाकलंय. कोण एवढा शहाणा?”

बाई पायरीवर बसल्या. 

फाइल नष्टच करायची असती तर चोराने आख्खी फाइल ठेकेदाराच्या ट्रकात फेकली असती. कव्हर पिशवीत मावत नव्हतं, म्हणून ते काढलं असेल. पण काढल्यावर कुठेही भिरकावता आलं असतं. घाईत, कुणी येईल या धास्तीत, कोण चिठ्ठी खरवडत बसतं? मुद्दाम कुणीच नाही. ज्याचे हात हे काम डोक्याला न विचारता करतात, तोच. आख्ख्या इमारतीत असं माणूस नव्हतं.

बाईंच्या घरात होतं. लग्नाच्या पत्रिका आल्या की आधी टाचणी काढणारं, टूथपेस्टच्या खोक्याची आतली पन्नी सोलणारं, औषधाच्या बिलाची पिन नखाने उपटून डबीत टाकणारं. “वन्सं, पुरे, आता घरी आलोय आपण,” असं रोज सांगावं लागणारं माणूस.

आणि काल पिशवी वन्संच्या खांद्यावर होती. बाई अख्खा रस्ता आपल्या निलंबनाच्या शेजारून चालल्या होत्या.

कोण, ते कळलं. पण का? एकेचाळीस बायांची मुकादम, जिच्या डोक्यावरचं छप्पर या प्रस्तावावर टांगलेलं, ती तो प्रस्ताव का चोरेल? बाईंनी चाप, कव्हर आणि नाडी पदरात घेतली आणि रिक्षा थांबवली.

५

शेडमध्ये छप्पर पडलेल्या भागात ऊन थेट खाली उतरलं होतं. बाकीच्या भागात लांब टेबलं, टेबलांभोवती बाया आणि बायांच्या हातांखाली शहर. पुठ्ठा इकडे, दुधाच्या पिशव्या तिकडे, काच वेगळी, वर्तमानपत्र वेगळं. बोटं थांबत नव्हती, तोंडंही.

“अगं बाई, जावक आली!” चष्मा दोऱ्याने बांधलेली एक बाई ओरडली. “कुणाची जावक आज?”

“माझीच,” बाई म्हणाल्या. “वन्सं कुठायत?”

वन्सं दाबायच्या मशीनपाशी उभ्या होत्या. बाईंच्या हातातला चाप पाहिला आणि त्यांनी नजर वळवली. 

“वन्सं, पानं कुठायत?”

“गेली. गठ्ठ्यात दाबली सकाळीच.”

“कुठल्या गठ्ठ्यात?”

“या मशीनमध्ये.”

“हे मशीन एकोणीस दिवस बंद आहे. त्यासाठीच तर प्रस्ताव आहे.”

“तू वाचलास होय प्रस्ताव?” वन्सं फटकन म्हणाल्या.

हे वर्मावर बसलं. बाईंनी आवाज खाली आणला. “नाही वाचला. तुम्ही वाचलात. बाकावर बसून पानं लावत होतात तेव्हा. बरोबर?”

वन्संच्या हनुवटीला कंप सुटला. ही बाई भावाच्या चितेपाशीही रडली नव्हती. “कागद हातात आला की मी बघते गं, वहिनी. बघावंच लागतं, कुठल्या ढिगात घालायचा ते. पान सदुसष्ट. कोपऱ्यात आकडा तुझ्या अक्षरातला. ‘सध्याचे मनुष्यबळ एकेचाळीस. यंत्र बसवल्यानंतरचे मनुष्यबळ दोन.’ आणि खाली लिहिलंय, यामुळे कार्यक्षमता वाढेल.”

टेबलांवरची बोटं थांबली. 

“दोन?” चष्मेवालीने विचारलं. “कोणत्या दोन?”

“ऑपरेटर. शिकलेले.”

“म्हणजे मी नक्की नाही,” चष्मेवाली म्हणाली, पण कुणी हसलं नाही.

“मग मला का नाही सांगितलंत?” बाई म्हणाल्या.

“सांगून? तुझ्या हाताने आकडे घातलेली फाइल तू थांबवली असतीस? तुझी नोकरी गेली असती.” वन्संनी पदराने नाक पुसलं. “मला वाटलं, फाइल हरवली म्हणजे कुणाची चूक नाही. एवढ्या फायली हरवतात तुमच्याकडे. तुझ्यावर येईल हे... खरंच नाही सुचलं गं. माझ्यापुढे नुसता तो आकडा होता. दोन.”

“आणि आज पोच आली नाही, तर महिनाअखेर शेड बंद. तेव्हा मनुष्यबळ किती?”

वन्सं खाली बसल्या, गोणीवर. “शून्य,” त्या म्हणाल्या. “रात्रभर तेच मोजतेय. फाइल गेली तर दोन, नाही गेली तर शून्य. अठ्ठावन्नाव्या वर्षी मला कोण कामाला ठेवणार? आणि हिला? आणि तिला?”

दीड वाजला होता.

६

बाईंनी शेडभर नजर फिरवली. मशीन बंद, म्हणजे पानं दाबलेली नाहीत. जाळली असतील? ज्या हातांनी नाडीसुद्धा गुंडाळून ठेवली, ते हात कागद जाळणार नाहीत. मग कागद कुठल्या ढिगात जातो?

ते कागदावर अवलंबून असतं. आणि हा कागद एका बाजूला छापलेला होता. निधी मंडळाच्या नियमाप्रमाणे.

भिंतीशी एक फळी होती. शेडच्या बायांची स्वतःची. पाठकोरे कागद, म्हणजे ज्यांची एक बाजू कोरी असे कागद, कधीच विकले जात नसत. जेवणाच्या सुट्टीत बाया ते कडेने शिवून त्यांच्या वह्या करत आणि त्या घरोघर पोरांच्या दप्तरात जात. बाईंनी फळीवरची वरची वही उचलली. कोरी, स्वच्छ, जाड दोऱ्याने शिवलेली. पान उलटलं. मागच्या बाजूला निळ्या शाईत, त्यांच्याच अक्षरात, अठ्ठावीस.

“कोरी पाठ दिसली की हात फाडत नाही,” वन्सं खालून पुटपुटल्या. “सकाळी लवकर येऊन शिवल्या. चार वह्या. उद्या वाटणार होते.”

सापडली. बाईंना आनंद व्हायला हवा होता. त्या वही हातात धरून नुसत्या उभ्या राहिल्या. आता ही फाइल नेऊन द्यायची, म्हणजे या एकेचाळीस जणींच्या समोरून, त्यांच्याच हातची वही उचलून, त्यांच्या कामाचा शेवट गाडीत ठेवायचा. आणि नाही द्यायची तर तो शेवट पंधरा दिवसांत, फुकट.

“वहिनी, ने,” वन्सं म्हणाल्या. “तू तरी राहा. एक पगार तरी राहू दे घरात.”

“ने बाई,” चष्मेवाली म्हणाली. “यंत्र यायला दीडेक वर्ष लागेल. तेवढं तर जगू.”

बाईंनी सदुसष्टावं पान शोधलं. उभ्याउभ्या पूर्ण वाचलं. एकतीस वर्षांत प्रथमच त्या एखादा कागद नुसता नोंदवत नव्हत्या, वाचत होत्या, आणि त्यांना राग आला तो सल्लागाराचा नाही. खालच्या कोपऱ्यातल्या त्या नीटनेटक्या निळ्या आकड्याचा.

मग त्यांना पान नऊ आठवलं. आठ दिवसांपूर्वी पान नऊवर शहराची लोकसंख्या दहापट छापून आल्याचं सल्लागाराला दिसलं होतं. निधी मंडळाला हाताने केलेली दुरुस्ती चालते, बाजूला प्रमुख अधिकाऱ्याची सही हवी. बाईंनी आकडा खोडून नीट केला होता, आणि साहेबांनी फोनवर बोलता बोलता सही ठोकली होती. पानाकडे न बघता.

“वन्सं,” बाई म्हणाल्या, “कात्री आहे का? शिवण उसवा. सगळ्या जणी या. आकड्यांप्रमाणे लावायचीत, एक ते एकशे बारा.”

एकेचाळीस जणींना सगळं मिळून चार मिनिटं लागली. ऑफिसला हेच काम करायला दोन दिवस लागले होते. बाईंनी पर्समधून निळं पेन काढलं, पान सदुसष्टवर ‘दोन’ या शब्दावर पट्टीने एक सरळ रेघ मारली आणि वर स्वच्छ अक्षरात लिहिलं, ‘एकेचाळीस’.

“हे चालतं?” वन्संनी घाबरून विचारलं.

“सही असली की चालतं.”

“आणि साहेबांनी वाचलं तर?”

बाईंनी नाडी आवळली. “तर सगळंच गेलं.”

७

पावणेतीनला साहेबांच्या खोलीत सगळे होते. साहेब, सल्लागार, बिलांसाठी आलेला ठेकेदार, दारात मामा. टेबलावर एक कागद तयार होता. निलंबनाचा.

बाईंनी फाइल त्यावर ठेवली. साहेब उठून उभेच राहिले.

“सापडली? कुठे? कुणी नेली होती?”

“सांगते, साहेब. आधी एक दुरुस्ती आहे. इथे सही.”

सल्लागाराने मान उंचावली. “दुरुस्ती? कोणत्या पानावर?”

“सदुसष्ट,” बाई म्हणाल्या. “मनुष्यबळ.”

सल्लागाराचं तोंड उघडलं.  घड्याळात चौदा मिनिटं उरली होती.

“मनुष्यबळाचं काय?” साहेबांनी पेन हातात घेऊन विचारलं.

बाई सल्लागाराकडे बघत राहिल्या. त्याला बोलायचं असेल तर साहेबांना ते पान समजावून सांगावं लागणार होतं. सांगितलं की साहेब वाचणार. वाचलं की विचारणार, हे मी कधी मान्य केलं? मग बैठक बसणार. आणि गाडी तीनला जाणार नाही. मागे ठेकेदार खोकला. त्याने ते पान वाचलं होतं, आणि आता छताकडे बघत होता. सल्लागाराने घड्याळाकडे पाहिलं. फी आठवली असावी, किंवा बायको.

“टायपिंगची चूक,” तो म्हणाला.

साहेबांनी सही केली. पानाकडे न बघता.

“आता सांगा. चोर कोण?”

“चोरी नाही, साहेब.” बाईंनी चाप जागच्या जागी दाबला. “चाप धातूच्या पेटीत होता, कव्हर प्लॅस्टिकच्या, नाडी कापडाच्या. पानं शेडमध्ये पाठकोऱ्या कागदांत. चोर असं करत नाही. फाइल रद्दी समजली गेली आणि नियमाप्रमाणे वर्गीकरणाला गेली. या इमारतीतून काहीतरी नियमाप्रमाणे गेलं, म्हणून आपल्याला चोरी वाटली.”

“पण कपाटातून काढली कुणी?”

“किल्ली टाचण्यांच्या डबीत ठेवणारी मी. जबाबदारी माझी.”

साहेब त्यांच्याकडे बघत राहिले. बहुधा त्यांना कळलं होतं. बहुधा त्यांना कळून घ्यायचं नव्हतं. “निलंबन नको,” ते शेवटी म्हणाले. “पण नोटीस द्यावी लागेल, बाई. कारणे दाखवा. काहीतरी द्यावंच लागतं.”

तीनला दोन मिनिटं कमी असताना गाडी फाटकातून बाहेर पडली. मार्जिनला सुईची भोकं असलेली एकशे बारा पानं घेऊन. पोच पाचला तीन मिनिटं असताना मिळाली. शेडचं टाळं लांबलं.

साडेपाचला बाईंनी स्वतःच्या नावाची नोटीस स्वतःच्या हाताने जावक रजिस्टरला नोंदवली आणि मग आवकला स्वीकारली. बाकावर वन्सं बसल्या होत्या, डब्याची पिशवी मांडीवर घेऊन. घरी जाताना कोपऱ्यावर वन्सं थांबल्या, म्हणाल्या, “उद्यापासून पिशवी मीच घेत जाईन,” आणि पुढे चालू लागल्या.

८

निधी मंडळाचं पत्र अकरा आठवड्यांनी आलं. बाईंनी आकडा घालायच्या आधी ते वाचलं. आता त्या सगळंच वाचत, त्यामुळे टेबलावर ढीग साचत होता आणि लोक कुरकुरत होते.

पत्र तिथे कुणीतरी वाचून लिहिलं होतं. तिथे वाचणारं माणूस होतं, ही कल्पनाच बाईंना भोवळ आणणारी होती. ‘पृष्ठ सदुसष्टवरील दुरुस्तीनुसार मनुष्यबळ कायम राहत असल्याने स्वयंचलित यंत्राची आवश्यकता सिद्ध होत नाही. सबब यंत्राची मागणी नामंजूर. छप्पर, पट्टा व दाबयंत्र मंजूर.’ मागितलेल्याच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी. साहेबांची बदली पुन्हा लांबली. सल्लागाराने दोन दिवस फोन उचलला नाही. ठेकेदार तेवढा म्हणाला, “बघा, मी म्हटलं नव्हतं? या कामात तुम्ही तरबेज आहात.”

संध्याकाळी बाईंनी बाकावर बसून वन्संना पत्र वाचून दाखवलं. दोनदा. वन्संनी ‘छप्पर’ या शब्दावर बोट ठेवलं आणि तिथेच ठेवून दिलं.

“आणि किती वर्षं?” त्यांनी विचारलं. “परत कुणीतरी यंत्र मागेलच.”

“मागेल,” बाई म्हणाल्या. “तेव्हा वाचू.”

“तुझ्या त्या नोटिशीचं काय झालं?”

“उत्तर दिलं, चार पानी. सगळं खरं खरं लिहिलं, तुमच्या नावासकट. दोन महिने झाले, चार जणांच्या सह्या झाल्यात त्यावर.”

वन्संचं बोट ‘छप्पर’वरून उठलं. “मग?”

“मग काही नाही. अजून कुणी वाचलेलं नाही.”

 वन्संनी बाईंच्या टेबलावरची ती जुनी नोटीस उचलली, उलटून पाहिली, नखाने पिन काढून टाचण्यांच्या डबीत टाकली आणि कागद घडी न घालता डब्याच्या पिशवीत सरळ ठेवला. कोरी बाजू वर.